गिअरच्या चकतीवर नारळाचं पाणी

माझ्या धाकट्या जावेने गाडी घेतली तेव्हा सगळ्यात आधी पेढा मी मागितला, सगळ्यात मोठ्याने अभिनंदन मी केलं, आणि घरी येऊन कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी नुसती उभी राहिले. जळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं असं म्हणणार नाही. जळायची मला जुनी सवय आहे. कुणाच्या मुलीला चांगलं स्थळ आलं, कुणाच्या गॅलरीत मोगरा फुलला, की माझ्या पोटात दुखतं. पण ते दुखणं पाहुण्यासारखं असायचं, चहा पिऊन निघून जायचं. हे मुक्कामाला आलं.

बोरीवलीला एकाच इमारतीत आम्ही दोन बिऱ्हाडं. दुसऱ्या मजल्यावर मी, आमचे हे आणि सासूबाई. पाचव्यावर दीर आणि जाऊ. घरात गाडी चालवणारी मी एकटी. बावीस वर्षांपूर्वी आरेच्या रस्त्यावर शिकले, म्हशींच्या गोठ्यांपाशी क्लच सोडून सोडून. आमच्या ह्यांना गर्दी बघितली की घाम फुटतो, आणि दीर पहिल्यापासून मोटरसायकलवाले. त्यामुळे दवाखाना, लग्न, बारसं, गावाहून आलेल्या आंब्याच्या पेट्या, सगळ्यासाठी हाक मला. मी कुरकुर करायची आणि किल्ली घ्यायची. कुरकुर करायचा मान मिळवायलाही आधी किल्ली हातात लागते.

त्यातही बुधवार माझा होता. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दर बुधवारी त्यांना अंधेरीला व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे न्यायचं आणि परतताना वर्सोव्याला मासळी घ्यायची. घरी सासूबाई कमी बोलतात. गाडीत पुढच्या सीटवर बसल्या की बोलायला लागायच्या. मालवणकडचं त्यांचं माहेर, तिथली खाडी, लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईत आल्या तेव्हा गिरणीच्या भोंग्याने दचकून हातातला तांब्या कसा पडला, असलं सगळं. त्यांच्या मुलांनाही ठाऊक नसलेल्या गोष्टी मला ठाऊक होत्या. थोरली सून म्हणून मला जे काही मिळालं, त्यात मला हे सर्वांत मोलाचं वाटायचं.

मग ती गाडी आली. पांढरीशुभ्र, ऑटोमॅटिक, जावेने स्वतःच्या पगारातून घेतलेली. ती एका लॅबोरेटरीत नोकरी करते आणि बुधवारी तिची सुट्टी असते. पहिल्याच बुधवारी ती सासूबाईंना म्हणाली, "आई, आज माझ्या गाडीतून चला ना." संध्याकाळी सासूबाई परत आल्या त्या खुलूनच.

"ती गाडी नाय गो, पाळणो आसा," मला म्हणाल्या. "हाडांक धक्कोच लागना नाय."

"आणि माझी?"

"तुझी बरी गो. पण गुडघ्याक वायच धक्के बसतत."

झालं. बुधवार गेला. मी वाट बघत होते की मासळीवरून तरी काही बिनसेल. जाऊ नागपूरकडची, तिच्या माहेरी मासे क्वचितच शिजतात, आणि गाडी नवी कोरी. म्हटलं, बांगड्याचं पाणी डिकीत सांडलं की नाक मुरडेल, आणि सासूबाईंना कळेल की पाळण्यात मासळी चालत नाही. तर ह्या बाईने डिकीत झाकणाचा मोठा डबा ठेवला, खाली वर्तमानपत्रं अंथरली, आणि सासूबाईंना म्हणाली, "घ्या हवं ते." बोट ठेवायला जागा ठेवली नाही, आणि त्याचाच मला राग आला.

दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली. आमच्याकडे तो मान थोरल्या सुनेचा. बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूचा हार, आपट्याचं पान, चाकाखाली लिंबं, मग नारळ. नारळाचं पाणी वाटीत धरायचं आणि गाडीवर शिंपडायचं. इथपर्यंत सगळ्यांसारखंच. पण आमच्या घरात आणखी एक रीत आहे. सासरे गिरणीत होते. दसऱ्याला ते आपल्या मागाची पूजा करायचे, आणि ज्या दांड्यावर वर्षभर हात असायचा त्या दांड्यावर नारळाचं पाणी शिंपडायचे. गिरणी गेली, सासरे गेले, पण सासूबाईंनी ती रीत सोडली नाही. "जंय हात, थंय पाणी," त्या म्हणतात. म्हणून शिवणयंत्राच्या चाकाला, पाट्याच्या वरवंट्याला, मिक्सरच्या बटणाला, सगळ्यांना दसऱ्याला दोन थेंब. माझ्या गाडीच्या गिअरच्या दांड्याला तर चौदा वर्षं. त्याला कधी काही झालं नाही.

जावेच्या गाडीत दांडा नव्हता. दोन सीटच्या मधे एक काळी चकचकीत चकती होती, रेडिओच्या बटणासारखी. ती फिरवली की गाडी पुढे, फिरवली की मागे. सासूबाई खुर्ची टाकून बाहेर बसल्या होत्या आणि शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "ही माझ्या धाकट्या सुनेची गाडी." जाऊ म्हणाली, "ताई, आत राहू द्या ना, बाहेरूनच शिंपडा." सासूबाईंनी ऐकलं. "जंय हात, थंय पाणी," त्या म्हणाल्या. मी वाटी घेऊन आत बसले.

आता खरं सांगते. दोन थेंब शिंपडायचे असतात, आंब्याच्या पानाने. मी त्या सीटवर टेकले तर सीटने पाठ अलगद धरली. सगळीकडे नव्या गाडीचा वास. बाहेर माझ्या सासूच्या तोंडी तिचं नाव. आणि माझ्या हातातली वाटी कलंडली. मुद्दाम ओतलं का? तसं म्हणवत नाही. हात सावरला नाही, एवढं नक्की. पाणी त्या चकतीभोवती गोल फिरलं आणि कडेच्या फटीतून आत गेलं. अर्धी वाटी तरी असेल. मी पदराने पुसलं, दिसत होतं तेवढं. बाहेर आले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कुणाला काही बोलले नाही. उलट, काळ्या चकतीवर वाळलेला एक पांढुरका डाग राहिला होता तो बघून मला बरं वाटलं. इतक्या हलक्या मनाची मी त्या दिवशी झाले होते.

दोनेक आठवड्यांनी जाऊ मला पार्किंगमध्ये भेटली. "ताई, गिअरचं ते चाक हल्ली चिकटतं हो. रिव्हर्सला फिरवलं तरी कधी कधी पार्किंगच दाखवतं. तुमची गाडी नवी असताना असं व्हायचं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात लख्ख पडलं. तोंडाने मात्र मी म्हणाले, "माझ्या गाडीत चाक कुठे, दांडा आहे. दांड्याला काय व्हायचंय? ह्या नव्या गाड्यांचे नखरेच फार."

"सर्व्हिसिंगला दाखवीन," ती म्हणाली. त्या दिवशी बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

दिवाळी होऊन गेली. त्या बुधवारी सासूबाई मला म्हणाल्या, "तूय चल. तिका माशातला काय्येक समाजना नाय." मागच्या खेपेला कोळणीने जावेला शिळे बांगडे दिले होते. मी लगेच निघाले. निदान माशांसाठी तरी माझी गरज होती. पण बसायचं मागे. पुढची सीट सासूबाईंची. बावीस वर्षांत गाडीत त्यांना मी कधी मागून बघितलं नव्हतं. त्यांचा अंबाडा, त्यातलं अबोलीचं फूल, आणि त्या जावेला सांगत होत्या ती गोष्ट: गिरणीचा भोंगा, दचकणं, तांब्या. माझी गोष्ट. जाऊ हसली, "मग काय झालं आई?" मला त्या दोघींच्या मधे हात घालून ती गोष्ट परत घ्यावीशी वाटली.

वर्सोव्याला मी मासळी घेतली, कल्ले उघडून बघून, कोळणीशी भांडून. सगळं झकास. सासूबाई म्हणाल्या, "बघ, असा बघुचा." जाऊ म्हणाली, "शिकवा ना ताई मला." हेही शिकून घेतेस का, मी मनात म्हटलं.

मग आम्ही हायवेला लागलो. जोगेश्वरी मागे पडली, आरेच्या वळणाचा पूल चढलो. दुपारची वेळ, गाड्या वेगात. आम्ही उजवीकडच्या लेनमध्ये होतो. पुलाच्या माथ्यावर गाडीने अचानक टिंग टिंग टिंग सुरू केलं. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. इंजिनाचा आवाज एकदम चढला, घूंऽऽ, पण गाडी पुढे ओढ घेईना. जावेने पाय दाबला, आवाज आणखी चढला, वेग मात्र उतरत चालला. गिअर आपला आपण सुटला होता. तिने चकती फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही.

"काय झाला गो?" सासूबाई म्हणाल्या.

मागे बघितलं तर एक डंपर. त्याचं नाक आमच्या काचेत मावत नव्हतं. तो हॉर्नवर हात ठेवूनच येत होता. मी ओरडले, "हँडब्रेक! हँडब्रेक ओढ!" आणि दोन सीटच्या मधून पुढे झुकले. माझ्या गाडीत जिथे हँडब्रेकचा दांडा असतो, तिथे माझा हात गेला. तिथे दांडा नव्हता. एक लहानसं बटण होतं. पार्क करताना जाऊ ते एका बोटाने उचलते, हे मी जळक्या डोळ्यांनी किती वेळा बघितलं होतं. माझं बोट बरोबर त्याच्याखाली गेलं.

फाट्कन माझ्या हातावर तिची थप्पड बसली. "हात काढ! काढ म्हणते ना!"

नऊ वर्षांत तिने मला 'तुम्ही'शिवाय हाक मारली नव्हती. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मागच्या डंपरपेक्षा ते 'काढ' मला जास्त लागलं.

तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. इशाऱ्याचे दिवे लावले. डावीकडच्या आरशात बघितलं, खांद्यावरून मागे बघितलं, आणि पुलाच्या उतारावर गाडी नुसती घरंगळू दिली. ब्रेकला हात नाही, पाय नाही. एक लेन डावीकडे सरकलो, तोच डंपर आमच्या उजवीकडून गेला आणि गाडी हलली. मग एक रिक्षा जाऊ दिली, मग दुसरी लेन. उतार संपता संपता तिने गाडी अगदी कडेला आणून हळूच थांबवली. ते टिंग टिंग चालूच होतं.

मी म्हटलं, "हुश्श," आणि सीटला टेकले. ती म्हणाली, "बसायचं नाही ताई. उतरा. मागून कुणी ठोकेल." सासूबाईंना आधार देऊन तिने आम्हा दोघींना कठड्याच्या पलीकडे उभं केलं. डिकीतून लाल त्रिकोण काढून चाळीस-पन्नास पावलं मागे जाऊन ठेवून आली. माझ्याही डिकीत तो त्रिकोण आहे. चौदा वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. तो उघडायचा कसा हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

"बांगड्यांचो बर्फ वितळतलो," सासूबाई म्हणाल्या. मग मात्र जाऊ हसायला लागली, आणि हसता हसता कठड्याला धरून खाली बसली. मी तिला पाणी दिलं. त्या वेळी तरी मी सांगायला हवं होतं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसले.

वर्कशॉपमध्ये दीर, जाऊ आणि मी गेलो. दिरांना गाडीतलं काही कळत नाही म्हणून मी. तिथल्या सुपरवायझरने चकती खोलून टेबलावर ठेवली होती. खाली सर्किटची हिरवी पट्टी, तिच्यावर पिवळट चिकट थर आणि गंजल्यासारखे ठिपके.

"मॅडम, जुन्या गाडीत गिअरचा दांडा खाली थेट जोडलेला असायचा," तो म्हणाला. "तुम्ही ढकलला की आत ढकललं जायचं. हिच्यात ही चकती फक्त निरोप देते. गाडीतला कॉम्प्युटर तो निरोप वाचून गिअर टाकतो. हिच्यात काहीतरी गोड सांडलंय, ते वाळून चिकटलंय. निरोप चुकीचे जायला लागले, तेव्हा त्याने सरळ न्यूट्रल करून टाकलं. तुमचं नशीब की स्टिअरिंग आणि ब्रेक चालू होते."

मी विचारलं, "आणि त्या वेळी ते ब्रेकचं बटण ओढलं असतं तर?"

"उचलून धरलं असतं तर चारही चाकं धरली असती. गाडी जागच्या जागी. मागच्याला थांबायला वेळच मिळाला नसता."

जाऊ माझ्याकडे बघत नव्हती. दीर मात्र टेबलावरच्या चकतीकडे बघून म्हणाले, "कॉफी!"

चकतीच्या शेजारीच कप ठेवायची जागा आहे. लॅबमधून निघताना जाऊ कधीमधी कॉफी घेऊन यायची.

"मी नाही सांडली," ती म्हणाली.

"मग काय आभाळातून पडली? शंभरदा सांगितलं गाडीत खाऊपिऊ नको. आईचा जीव गेला असता. वहिनी होत्या गाडीत!"

"मी नाही सांडली," ती पुन्हा म्हणाली, पण ह्या वेळी आवाज लहान होता. मी भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर वाचत होते. अख्खं वाचलं.

गाडी दुरुस्त होऊन आली. दिरांनी किल्ली आणून आमच्या दाराजवळच्या खुंटीला लावली. "वहिनी, तुमच्याकडेच राहू द्या. लागली तर तुम्ही वापरा. तिच्या हातात आता नको." जाऊ रिक्षाने आणि मेट्रोने कामाला जायला लागली. खाली गाडीवर कव्हर चढलं. आणि बुधवार मला परत मिळाला.

मी खूश होते. अगदी आरशात बघून केस विंचरून निघाले पहिल्या बुधवारी. सासूबाई पुढच्या सीटवर, मी गिअरच्या दांड्यावर हात ठेवून. आता बोलतील म्हटलं.

"कशी गाडी सांभाळल्यान गो तिना!" सासूबाई म्हणाल्या. "माका तर कळाकच नाय. लोण्यातसून केस काढल्यासारखी बाजूक घेतल्यान."

जोगेश्वरीपर्यंत तेच. येताना तेच. पुढच्या बुधवारीही तेच, शिवाय "घाबारली नाय बघ." माझ्या खडखडणाऱ्या गाडीत माझ्या शेजारी बसून त्या तिच्याबद्दल बोलत होत्या. माहेर नाही, खाडी नाही, भोंगा नाही. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला कुणी विचारा. सगळ्यात वाईट म्हणजे त्या म्हणत होत्या ते खरं होतं. बावीस वर्षं चालवून मी चालत्या गाडीत ते बटण ओढायला गेले होते. तिने आठ महिन्यांच्या सरावाने तिघींना वाचवलं. मी तिच्या गाडीवर जळले नसेन तेवढी तिच्या त्या अर्ध्या मिनिटावर जळले. ते अर्धं मिनिट माझं असायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती खाली आली. सासूबाई आत झोपल्या होत्या. मी मेथी निवडत होते. ती समोर बसून माझ्याबरोबर निवडायला लागली, आणि पानांऐवजी काड्याच भांड्यात टाकायला लागली.

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार ना."

"मी कॉफी सांडली असेन का हो? मला आठवत नाही. पण हे रोज म्हणतात, सांडली असशील, तुझं लक्ष नसतं. आता मलाही वाटायला लागलंय. काल लॅबमध्ये नमुन्यावरचं लेबल मी चारदा तपासलं. आधी असं कधी करत नव्हते. गाडीचं राहू द्या. पण मी असं काही केलं आणि मला कळलंसुद्धा नाही, तर मग माझा भरवसा कुणी धरायचा?"

मी तिचं तोंड बघितलं. ज्या बाईने उतारावर गाडी घरंगळत नेली, ती हीच, आणि ती मेथीच्या काड्या निवडत होती. मला वाटलं होतं की मी तिचा बुधवार घेतला. मी तिच्यातलं भलतंच काही घेतलं होतं.

"कॉफी नव्हती," मी म्हटलं. "नारळाचं पाणी होतं. दसऱ्याचं. मी ओतलं."

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"शिंपडलं नाही. ओतलं. पुसलं आणि गप्प बसले. तू चाक चिकटतं म्हणालीस तेव्हाही गप्प बसले."

"का?" तिने विचारलं.

"जळत होते तुझ्यावर."

इतकं सरळ मी आयुष्यात कुणाला काही सांगितलेलं नाही. ती रडेल, ओरडेल, उठून जाईल, कशालाही मी तयार होते. ती भांड्यातल्या काड्या एकेक करून वेचून बाहेर काढत राहिली. सगळ्या काढून झाल्यावर म्हणाली, "हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगाल?"

रविवारी दोन्ही बिऱ्हाडं आमच्याकडे जेवायला असतात. मी कोलंबीचं कालवण केलं होतं. वाढून झालं तशी मी बसलेच नाही, उभ्यानेच सांगितलं. गाडीत काय सांडलं होतं, कुणी सांडलं, मी ते लपवलं, आणि चालत्या गाडीत ब्रेकचं बटण ओढायला गेले तेही. जळत होते ते मात्र सगळ्यांसमोर तोंडातून निघालं नाही.

मग दीर मोठ्याने हसले. "अहो वहिनी, एवढंच ना! मला वाटलं काय झालं! पूजाच केलीत ना तुम्ही? त्यात काय!"

आमचे हेही हसले. म्हणाले, "कंपनीने सांगायला नको का, गाडीला तीर्थ चालत नाही म्हणून?"

"देवाचा पाणी ता," सासूबाई म्हणाल्या. "म्हणानच आपण वाचलव. बस गो, जेव."

संपलं. तीन आठवडे घरात जे चाललं होतं ते तीन वाक्यांत संपलं. माझ्या ताटात सासूबाईंनी स्वतःच्या हाताने भात वाढला. कुणी रागावलं नाही. कुणी जावेकडे वळून 'चुकलं आमचं' म्हटलं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून बोलते. त्यातला बाब्या मी आहे, हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं.

जाऊ जेवत नव्हती. "माझ्या हातून सांडलं तर कॉफी," ती म्हणाली, "आणि ताईंच्या हातून सांडलं की पूजा."

"अगं, तसं नाही," दीर म्हणाले.

ती उठली, हात धुतले, आणि दाराजवळच्या खुंटीवरची किल्ली घेतली.

"कुठे चाललीस?"

"ठरलं नाही."

"माका पण ने गो," सासूबाई म्हणाल्या.

"आज नको, आई." माझ्याकडे तिने बघितलं नाही. दार सावकाश ओढून घेतलं.

मी गॅलरीत गेले. खाली तिने कव्हर काढलं, नीट घडी करून डिकीत ठेवलं. गाडीत बसून थोडा वेळ थांबली, बहुतेक त्या चकतीकडे बघत असावी. मग गाडी हलली, फाटकाशी आली. डावीकडचा दिवा लागला. तो बंद करून तिने उजवीकडचा लावला आणि गेली.

"कुठे गेली ती?" आतून ह्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. बावीस वर्षं मी गाडी चालवली, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या सीटवर कुणीतरी होतं, नाहीतर कुणाची तरी पिशवी. कुठे जायचं ते न ठरवता, एकटी, मी एकदाही निघाले नव्हते. कुणी अडवलं नव्हतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, गाडी खाली उभी होती, आणि मी गॅलरीचा गज धरून तिच्यावर जळत उभी होते.